घरच्या पोहण्याच्या तलावाची खोली आणि तळाचा उतार कसा ठरवावा

बंगल्याच्या आवारात किंवा फार्महाऊसवर पोहण्याचा तलाव बांधताना ज्या गोष्टी मागाहून बदलता येतात त्या बहुतेक वरवर दिसणाऱ्या असतात. टाइल बदलता येते, दिवे बदलता येतात, काठाचा दगड बदलता येतो, पंपसुद्धा बदलता येतो. खोली आणि तळाचा उतार मात्र एकदा काँक्रीट पडले की कायमचे ठरतात. असे असूनही पहिल्यांदा तलाव बांधणारी बरीच मंडळी या दोन मापांचा निर्णय कंत्राटदारावर सोपवतात आणि तो आपल्या सवयीप्रमाणे ‘एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला सहा’ असे काहीतरी आखून मोकळा होतो. जेसीबी आवारात येण्याआधी हा निर्णय घरच्यांनी स्वतः कसा घ्यावा, हे येथे क्रमाने मांडले आहे. उदाहरणासाठी ३० फूट लांब आणि १५ फूट रुंद असा, महाराष्ट्रात घरगुती वापरासाठी नेहमी बांधला जाणारा आरसीसी (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा) तलाव धरला आहे.

पहिली पायरी : खोली म्हणजे नेमके कोणते माप, हे पक्के करा

तलावाची खोली म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून तयार टाइलपर्यंतचे अंतर. बोलताना मात्र कोणी काठापासून मोजतो, कोणी जमिनीपासून मोजतो, तर खोदाई करणारा खड्ड्याच्या तळापर्यंत मोजतो, आणि या घोळात अर्धा-पाऊण फूट सहज इकडचा तिकडे होतो. म्हणून नकाशावर ‘पाण्याची खोली’ हे शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत आणि बाकी सर्व मापे त्यावरून काढावीत.

समजा, खोल बाजूला ४ फूट ३ इंच पाणी हवे आहे. तलावाला स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारे भिंतीतले तोंड) असेल तर पाण्याची पातळी काठापासून साधारण ६ इंच खाली राहते. तळाच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, प्लास्टर आणि टाइल मिळून ३ इंच जातात. स्लॅब ८ इंचांचा, त्याखाली पीसीसी (सळया नसलेले साधे काँक्रीट) ४ इंचांचे आणि त्याखाली दगडाचे सोलिंग ९ इंचांचे धरले, तर ही सगळी बेरीज ३० इंच होते. म्हणजे काठ जमिनीच्या पातळीला ठेवायचा असेल, तर सव्वाचार फूट पाण्यासाठी ६ फूट ९ इंच खोदावे लागते. पाणी काठावरून वाहून बाजूच्या चरात जाणारा ओव्हरफ्लो प्रकारचा तलाव असेल, तर वरचे ६ इंच वाचतात. स्लॅबची नेमकी जाडी अर्थातच स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायची आहे. येथे दिलेले आकडे फक्त अंदाज यावा म्हणून आहेत, पण बेरीज करण्याची पद्धत हीच.

दुसरी पायरी : पाण्यात कोण उतरणार, त्यांची उंची मोजा

माझ्या मते संपूर्ण निर्णयातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्याला पैसा लागत नाही. घराच्या भिंतीवर खडूने जमिनीपासून ३ फूट, साडेतीन फूट, ४ फूट, सव्वाचार फूट, साडेचार फूट आणि ५ फूट अशा आडव्या रेघा माराव्यात आणि घरातल्या प्रत्येकाला अनवाणी त्या रेघांपाशी उभे करावे. कोणती रेघ कोणाच्या कमरेशी, छातीशी, खांद्याशी आणि हनुवटीशी येते, ते नावानिशी लिहून ठेवावे. कागदावर ‘फक्त साडेचार फूट’ वाटणारे माप त्या भिंतीपाशी उभे राहिल्यावर एकदम वेगळे वाटू लागते.

पाच फूट उंचीच्या स्त्रीचे खांदे साधारण ४ फूट १ इंचावर आणि हनुवटी साधारण ४ फूट ४ इंचांवर येते. त्यामुळे साडेचार फूट पाण्यात ती टाचा टेकवून उभी राहिली, तर पाणी तोंडापर्यंत येते आणि शेजारी कोणी उडी मारली की लाट नाकात जाते. साडेपाच-पावणेसहा फूट उंचीच्या पुरुषाला हेच पाणी छातीच्या थोडे वर येते, म्हणून तो बेफिकीर असतो. घरातले निर्णय बहुधा त्याच्याच अंदाजाने होतात आणि घरातल्या बायका, आजी-आजोबा आणि मुले मग एका कोपऱ्यात अडकून पडतात. यासाठी खोल बाजूचे माप घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या प्रौढ व्यक्तीच्या खांद्याच्या रेषेवरून घ्यावे, आणि त्या रेषेच्या फार तर दोन इंच वर जावे. ती व्यक्ती ५ फूट १ इंच उंच असेल, तर खोल बाजू सव्वाचार फूट पुरते.

उथळ बाजूचे माप मुलांवरून आणि नवशिक्यांवरून ठरते. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण पावणेचार फूट असते आणि त्याची हनुवटी सव्वातीन फुटांच्या आसपास येते, म्हणजे साडेतीन फूट पाण्यात ते उभे राहू शकत नाही. दहा वर्षांच्या, साधारण साडेचार फूट उंच मुलाला मात्र तेच पाणी खांद्याखाली राहते. मुले लहान असतील तर सगळा तलाव त्यांच्या मापाचा करू नये, कारण मुले वाढतात आणि तलाव वाढत नाही. त्याऐवजी उथळ बाजू सव्वातीन फूट ठेवून तिच्याही अलीकडे चार-पाच फूट रुंदीचा, एक ते दीड फूट पाण्याचा ओटा करावा. अगदी लहान मुलांना बसायला आणि मोठ्यांना पाय सोडून टेकायला तो उपयोगी पडतो. मात्र हा ओटा मोठ्या तलावाला नुसता जोडून सोडला, तर रांगणारे मूल कडेवरून थेट खोल पाण्यात जाऊ शकते. घरात तीन वर्षांखालील मूल असेल, तर त्याच्यासाठीचा हौद पूर्ण वेगळा किंवा मधे पाण्याच्या वर येणारी भिंत घालून बांधावा. दीड फूट पाण्यातसुद्धा लहान मूल बुडू शकते, म्हणून तेथे मोठे माणूस हाताच्या अंतरावर असलेच पाहिजे. खोली कमी ठेवली म्हणजे राखण करण्याची गरज संपली, असे कधीही समजू नये.

पोहणाऱ्यांचा विचार उलट बाजूने करावा लागतो. तीन फुटांपेक्षा कमी पाण्यात पायांचा फटका मारताना पाय तळाला लागतात आणि भिंतीपाशी उलटी कोलांटी घेऊन वळता येत नाही. सव्वातीन ते साडेतीन फूट पाणी मात्र फ्रीस्टाइल आणि ब्रेस्टस्ट्रोक या दोन्हींना पुरते. घरात कोणी नियमित पोहत असेल, तर साडेतीन फुटांपासून सुरुवात करून उतार आणखी कमी ठेवावा. त्याला त्याहून खोल पाण्याची गरज नसते.

फार्महाऊस किंवा बंगला दिवसाच्या भाड्याने द्यायचा विचार असेल, तर हिशेब आणखी कडक करावा. लोणावळा, कर्जत, अलिबाग या भागांत सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांमध्ये पोहता न येणारे बरेच असतात, त्यांना तलावाची ओळख नसते आणि कोण कधी पाण्यात उतरेल यावर मालकाचे लक्ष राहू शकत नाही. अशा ठिकाणी कुठेही चार फुटांपेक्षा जास्त पाणी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरी पायरी : सूर मारण्याचा प्रश्न आधीच निकालात काढा

‘एक बाजू आठ फूट करा, म्हणजे सूर मारता येईल’ ही मागणी बहुधा विहिरीत पोहायला शिकलेल्या पिढीकडून येते. पाठीला सुकलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधून दोन पुरुष (दोन माणसांच्या उंचीइतक्या) खोल विहिरीत शिकलेल्या माणसाला चार फूट पाणी पोरखेळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विहिरीत तळ इतका खाली असतो की सूर मारणाऱ्याचे डोके तिथवर पोहोचतच नाही. तलावाचा तळ जवळ असतो, आणि उतार असल्यामुळे तो सूर मारणाऱ्याच्या समोरून वर येत असतो. काठावरून मारलेला सूर पाण्यात पुढे सरकत जातो, आणि खोल भाग लांबीला अपुरा असेल तर डोके त्या चढत्या तळावर आपटते. मान मोडून कायमचे पंगुत्व येण्याचे अपघात असेच होतात.

अमेरिकन रेड क्रॉस डोके खाली करून उडी मारण्यासाठी किमान ९ फूट पाणी असावे, असे सांगते, आणि तेही पुढे पुरेशी मोकळी लांबी असेल तरच. ३० फुटांच्या तलावात ९ फूट खोली आणि तिच्यापुढे सुरक्षित लांबी या दोन्ही गोष्टी बसवायच्या, तर उभे राहण्याजोगा उथळ भाग जवळजवळ उरतच नाही. सहा किंवा सात फुटांची खोली तर दोन्हीकडून अडचणीची ठरते, कारण उभे राहण्यासाठी ती जास्त असते आणि सूर मारण्यासाठी कमी. तेव्हा घरगुती तलावात सूर मारायचा नाही, हा नियम आधी मान्य करावा. तो मान्य केला की खोल बाजूची गरजच उरत नाही आणि पुढचे सगळे प्रश्न सोपे होतात. मुलांना मुटका मारायचा असेल, तर तोही चार-सव्वाचार फुटांत गुडघे पोटाशी घट्ट घेऊन जोरात मारू देऊ नये. पाय खाली ठेवून उडी घेण्याची सवय लावावी.

चौथी पायरी : तळाची घडण निवडा

घरगुती तलावाचे तळ साधारण चार प्रकारचे असतात. पहिला जवळजवळ सपाट असतो, ज्यात फक्त पाणी निथळून जावे इतकाच ढाळ दिलेला असतो. लहान, म्हणजे २० फुटांच्या आतल्या तलावाला तो उत्तम. दुसऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सरळ उतार असतो. तिसऱ्यात दोन्ही टोके उथळ असून मधला भाग खोल असतो. चेंडू खेळणाऱ्या मुलांना तो आवडतो आणि दमलेल्या माणसाला कोणत्याही टोकाला गेले तरी पाय टेकायला मिळतात. मात्र पोहता न येणाऱ्याला एका टोकाकडून दुसरीकडे चालत जाताना मधले खोल पाणी ओलांडावे लागते, म्हणून हा प्रकार निवडला तर मधला भागही सर्वांना उभे राहता येईल इतकाच ठेवावा. चौथ्या प्रकारात उथळ भाग संपतो तेथे तळ एकदम झुकतो आणि पुढे खोल खड्डा असतो. सूर मारण्याच्या हौसेतून तो आला आहे आणि वर सांगितलेल्या कारणांसाठी नवशिक्यांच्या घरी तो नसावा.

तीस फुटांच्या तलावासाठी दुसरा प्रकार सर्वांत सरळ, बांधायला सोपा आणि वापरायला निर्धोक आहे. पुढचे हिशेब त्याच्यावरच केले आहेत.

पाचवी पायरी : उताराचे प्रमाण काढा

उतार १:१२ म्हणजे १२ फूट पुढे गेल्यावर तळ १ फूट खाली जातो. अमेरिकेत सार्वजनिक तलावांच्या नियमावल्यांत पाच फुटांपर्यंतच्या उथळ भागात यापेक्षा तीव्र उतार नसावा, अशी अट नेहमी आढळते, तर घरगुती तलावांच्या तिथल्या मानकात १:७ पर्यंत मोकळीक आहे. ही मोकळीक घेऊ नये. १:७ उतारावर पाण्यात उभा असलेला माणूस तरंगत असल्यामुळे हलका झालेला असतो, पायांची पकड कमी झालेली असते आणि मागून लाट आली की पाय आपोआप खोल बाजूकडे सरकतात. पोहता न येणारा माणूस सरकू लागल्यावर थांबण्याऐवजी हात उंचावतो, आणि त्यामुळे तो आणखी बुडतो. चौथ्या प्रकारच्या तळात खोल भागाकडचा उतार १:३ पर्यंत नेतात, आणि त्यावर तर ओल्या पायांनी माघारी चढणे मोठ्या माणसालाही अवघड जाते.

आपल्या तलावात ३० फुटांत सव्वातीन फुटांपासून सव्वाचार फुटांपर्यंत जायचे आहे, म्हणजे उतार १:३० येतो. दर ५ फुटांना तळ २ इंच खाली जातो आणि खोली ३ फूट ३ इंच, ३ फूट ५ इंच, ३ फूट ७ इंच, ३ फूट ९ इंच, ३ फूट ११ इंच, ४ फूट १ इंच आणि ४ फूट ३ इंच अशी वाढत जाते. चालताना हा उतार जाणवत नाही, आणि तलाव रिकामा करताना पाणी व गाळ मात्र खोल बाजूकडे व्यवस्थित जातो. ओटा आणि पायऱ्या यांना काही लांबी दिली तर उतारासाठी कमी लांबी उरते. समजा २५ फूट उरले, तर उतार १:२५ होईल आणि तोही पूर्ण सुरक्षित आहे. तलाव लहान असेल तेव्हा मात्र जपावे. १५ फुटांच्या लांबीत ३ पासून ५ फुटांपर्यंत नेण्याचा हट्ट केला, तर उतार १:७.५ येतो. अशा वेळी उतार वाढवण्यापेक्षा खोली कमी करावी.

रुंदीच्या दिशेने तळ समपातळीत ठेवावा. खोल टोकाच्या शेवटच्या चार-पाच फुटांत निचऱ्याच्या जाळ्यांकडे जाणारा थोडासा ढाळ दिला की पुरे.

सहावी पायरी : जमीन आणि जमिनीतले पाणी पाहा

महाराष्ट्रात खोली ठरवण्याचे खरे बंधन पुष्कळदा जमीनच घालते. देशावर वरच्या थरात काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तलावाचा तळ तिच्यावर कधीही टेकवू नये. ती पूर्ण काढून घट्ट मुरमापर्यंत जावे आणि भिंतींमागेही मुरमाचाच भराव करावा. कातळ चार-पाच फुटांवर लागला, तर पुढचा प्रत्येक फूट ब्रेकर लावून काढावा लागतो. म्हणून नकाशा पक्का करण्याआधी तलावाच्या दोन टोकांना आठ-आठ फुटांचे चाचणी खड्डे घेऊन कोणता थर कुठे लागतो, ते पाहावे.

डोंगरउताराच्या जागी, लोणावळा-पाचगणीकडे, आणखी एक मोह होतो. दरीकडच्या बाजूला जमीन आधीच खाली असल्याने खोल बाजू तिकडे घेतली तर खोदाई वाचते, हे खरे आहे. पण त्या नादात तलावाचा अर्धा तळ खोदलेल्या पक्क्या जमिनीवर आणि अर्धा भरावावर येऊ देऊ नये. भराव पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत खचतो आणि स्लॅबला नेमकी त्या सीमारेषेवर भेग जाते.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या किंवा उपळट (पाणी पाझरणाऱ्या) जमिनीत पाण्याचा प्रश्न याहून गंभीर असतो. श्रावणात तेथे जमिनीतले पाणी पृष्ठभागाच्या अगदी जवळ येते. त्यावेळी तलाव भरलेला असेल तर आतले पाणी बाहेरच्या पाण्याला तोलून धरते. तलाव साफसफाईसाठी रिकामा केलेला असेल, तर बाहेरचे पाणी तळाला खालून वर उचलते आणि रिकामे काँक्रीटचे टाके पाण्यात सोडलेल्या होडीसारखे वर येऊ पाहते. स्लॅबच्या खालच्या पातळीपासून पाणी जितके वर, तितका दर फुटाला प्रत्येक चौरस फुटावर सुमारे २८ किलो जोर वरच्या दिशेने लागतो. आठ इंच जाडीचा स्लॅब स्वतःच्या वजनाने सुमारे २० इंच पाणी तोलतो. भिंतींचे वजन त्यात भर घालते. आपल्या सव्वाचार फूट खोलीच्या तलावात स्लॅबचा खालचा भाग जमिनीपासून साधारण ५ फूट ८ इंचांवर येतो, आणि आठ फूट खोलीच्या तलावात तो साडेनऊ फुटांजवळ जातो. जमिनीतले पाणी वरपर्यंत आले, तर दोन्हींवरच्या जोरात किती फरक पडेल, हे यावरून दिसते. खोली कमी ठेवण्याचे हे एक भक्कम कारण आहे, जे बहुतेकांना ठाऊक नसते.

जमिनीतले पाणी पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे शेजारची विहीर. पावसाळ्याच्या ऐन भरात तिच्या पाण्याची पातळी काठापासून किती फुटांवर असते, हे शेजाऱ्यांना विचारावे आणि जमल्यास स्वतः जाऊन मोजावे. ही पातळी तलावाच्या तळाच्या वर येत असेल, तर इंजिनिअरला ते लेखी कळवावे, म्हणजे तो स्लॅब जाड करणे, तळ भिंतींच्या बाहेर वाढवून त्यावर मातीचा भार घेणे, तळाखाली खडीचा थर आणि पाणी उपसण्याची विहीर देणे, किंवा बाहेरचा दाब वाढल्यावर आपोआप उघडणारा झडप-वॉल्व्ह तळात बसवणे, यांपैकी योग्य तो उपाय करील. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे आणि त्यात आरसीसीसाठी किमान एम३० दर्जाचे काँक्रीट सांगितले आहे. कंत्राटात या दोन गोष्टी नाव घेऊन लिहाव्यात.

सातवी पायरी : खोलीची किंमत मोजा

सव्वातीन ते सव्वाचार फूट उताराच्या तलावाची सरासरी खोली पावणेचार फूट येते. ३० गुणिले १५ गुणिले ३.७५ म्हणजे सुमारे १,६८८ घनफूट, आणि एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावते, म्हणून हा तलाव भरायला सुमारे ४८,००० लिटर पाणी लागते. त्याच लांबी-रुंदीत साडेतीन फुटांपासून सुरू होऊन १:३ उताराने आठ फुटांपर्यंत जाणारा खड्डा केला, तर सुमारे ७०,००० लिटर लागतात. हा २२,००० लिटरचा फरक म्हणजे १० हजार लिटरचे दोन टँकर आणि वर थोडे, आणि उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावाशेजारी तलाव बांधताना तो फरक नुसता पैशांचा राहत नाही.

घरगुती तलावाचे सगळे पाणी साधारण सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावे, असे धरतात. पहिल्या तलावाला त्यासाठी तासाला ८,००० लिटरचा पंप पुरतो, तर दुसऱ्याला सुमारे ११,७०० लिटरचा लागतो. क्लोरिनचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. खोदाई भिंतींची जाडी आणि कामाची जागा धरून ३४ बाय १९ फुटांची मानली, तर पहिल्या तलावाची सुमारे ४० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि दुसऱ्याची सुमारे ५२ ब्रास होते, आणि हे वाढीव १२ ब्रास नेमके खालच्या, कठीण थरातले असतात. भिंतीचा हिशेब तर याहून वेगाने वाढतो. पाण्याच्या किंवा मातीच्या दाबाने भिंतीच्या बुडाशी येणारा वाकवणारा जोर खोलीच्या तिसऱ्या घातात वाढतो, म्हणजे खोली दुप्पट झाली की तो आठपट होतो. त्यामुळे स्टीलही त्याच बेताने वाढते.

बाष्पीभवनाचा मात्र खोलीशी संबंध नाही. ते पाण्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असते, म्हणून ‘खोल तलावाला कमी पाणी घालावे लागते’ हा समज चुकीचा आहे.

आठवी पायरी : जागेवर आखणी करा आणि प्रत्येक थराला तपासा

फक्कीने बाहेरची रेघ मारण्याआधी एक कायमची खूण निश्चित करावी. घराचा जोता किंवा कंपाउंडचा खांब त्यासाठी चांगला. लेव्हल नळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तलावाच्या पाण्याची भावी पातळी त्या खुणेच्या जागी उतरवून तेथे तेलरंगाने आडवी रेघ ओढावी. पुढचे सगळे माप या एका रेघेपासून खाली मोजायचे. दर ५ फुटांवर खोदाईचा तळ, सोलिंगची वरची बाजू, पीसीसी, स्लॅब आणि टाइल किती खाली यायला हवेत, याचा तक्ता करून एक प्रत गवंड्याकडे आणि एक स्वतःकडे ठेवावी.

तपासणीची खरी जागा पीसीसी आहे. तोपर्यंत चूक दुरुस्त करायला एक दिवस पुरतो, स्लॅब पडल्यावर ती दुरुस्त होत नाही. स्लॅबमध्ये उतार न देता सपाट स्लॅब टाकून नंतर प्लास्टरने ढाळ काढू, असे गवंडी सुचवतात, कारण उतारावर काँक्रीट घालताना ते खाली सरकते. ही सूचना मानू नये. खोल टोकाला दोन इंच आणि उथळ टोकाला चौदा इंच प्लास्टर होईल, ते सुटून पडेल आणि खोलीही बिघडेल. १:३० इतक्या कमी उतारावर काँक्रीट सरकत नाही, फक्त ते फार पातळ नसावे.

नववी पायरी : तळाशी जोडलेल्या लहान गोष्टी

तळाच्या निचऱ्याला दोन जाळ्या असाव्यात, त्यांच्यात किमान ३ फूट अंतर असावे आणि दोन्ही एकाच पाइपला जोडलेल्या असाव्यात, म्हणजे एक जाळी अंगाने झाकली गेली तरी सगळा ओढ तिच्यावर येत नाही. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी अशाच एका जाळीच्या ओढीने अडकून बुडाली, आणि त्यातूनच २००७ साली तेथे व्हर्जिनिया ग्रेम बेकर कायदा झाला. जाळीचे झाकण फुगीर, न अडकवणारे आणि स्क्रूने घट्ट बसवलेले हवे. निघालेले झाकण दिसले की पंप बंद करून सर्वांना बाहेर काढावे.

पायऱ्या उथळ टोकालाच घ्याव्यात. वृद्धांसाठी प्रत्येक पायरीची उंची ७-८ इंच आणि पाऊल ठेवायची जागा १२ इंच असावी, आणि एका बाजूला स्टीलचा कठडा असावा. तळाला मोठ्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल लावू नयेत. मोझेकमधले सांधे पायाला पकड देतात, आणि पायऱ्यांच्या कडांना तर खरखरीत पट्टीच हवी.

पायरीच्या आणि ओट्याच्या कडेला गडद रंगाची पट्टी असावी. हे शोभेसाठी नाही. प्रकाश पाण्यातून बाहेर येताना वाकतो, त्यामुळे वरून पाहताना खोली खऱ्या खोलीच्या सुमारे तीन-चतुर्थांश दिसते, आणि तिरके पाहताना त्याहूनही कमी. चार फूट पाणी काठावरून तीन फूट वाटते. म्हणून काठावर आणि आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या वर, खोलीचे आकडे मराठीत ठळक लिहावेत आणि त्यांच्याजवळच ‘सूर मारू नये’ असा फलक लावावा. तलावाभोवती किमान चार फूट उंच कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक असावे. बांधकामाच्या परवानगीची चौकशी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत खोदाईच्या आधीच करावी.

दहावी पायरी : पहिले भरणे आणि नोंद

टाइल लावण्याआधी तलाव पूर्ण भरून गळतीची चाचणी घ्यावी. टाइल लावून झाल्यावर दुसऱ्यांदा भरताना पाणी ठरलेल्या रेघेला आले की फूट-इंचांच्या खुणा केलेली बांबूची काठी घेऊन दर ५ फुटांवर, दोन्ही कडांना आणि मधे, खोली मोजावी आणि तक्त्यातल्या आकड्यांशी ताडून पाहावी. एखाद-दुसऱ्या इंचाचा फरक चालतो. जास्त फरक निघाला, तर काठावर तक्त्यातला आकडा न लिहिता प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहावा.

ही मोजमापे, तळाचा नकाशा, जाळ्यांची जागा आणि दाबाचा वॉल्व्ह कुठे बसवला आहे याची खूण, असा एक कागद लॅमिनेट करून पंपघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इंजिनिअरला विचारल्याशिवाय तलाव रिकामा करू नये. साफसफाईचे काम नव्या माणसाकडे गेले, तर त्याला पहिल्याच दिवशी हा कागद दाखवावा.